सुलूताईंची बोंबलांची बंदिश

मैफलीत गायकाने ओळखीची बंदिश सुरू केली की सुलूताई पहिल्या रांगेतून हळूच म्हणायच्या, "ही ऐकलीय." त्यांचं 'हळूच' तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायचं. गायक तर समोरच असायचा.

त्या माझ्या गाण्याच्या बाई आणि आमच्या अंधेरीच्या संगीत मंडळाच्या चिटणीस. एका वर्षी त्यांनी जाहीरच केलं, "यंदा दर महिन्याच्या बैठकीत काहीतरी नवं झालंच पाहिजे."

पहिल्याच महिन्यात एका तरुण सरोदियाने स्वतः रचलेला राग वाजवला.

"हा कुठला राग?" मंडळाचे सर्वांत जुने सभासद आप्पा सावंत यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"राग त्याचा आहे. तुला आलाय तो वेगळा," सुलूताई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात ख्यालाच्या साथीला चेलो हे विलायती तंतुवाद्य आलं. आप्पा उठून वडा खायला गेले आणि त्यांच्यामागून निम्मं सभागृह गेलं. मग सभेत आप्पांनी थेट आपल्या मालवणीत विचारलं, "यमन मेलो काय गो?"

"यमनही कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा गायलाच असेल ना? तेव्हा तू वडा खायला गेला असतास तर?"

"मगे तुझा स्वताचा काय नवा आसा, ता ऐकव."

जन्मभर शिकवलं, पण स्वतःची बंदिश सुलूताईंनी कधी कुणापुढे गायली नव्हती. मला म्हणाल्या, "लोक हसतील गं."

तरी वर्षाच्या शेवटच्या बैठकीत त्या गायला बसल्या. मी तानपुऱ्यावर होते. बंदिशीत ना श्याम होता, ना सासू-नणंद. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आभाळ भरून आलेलं आणि वाळत घातलेले बोंबील भराभर गोळा करणारी एक कोळीण. द्रुत लय तिच्या घाईला अगदी शोभत होती. लोक हसले, पण खुशीने. अंतऱ्यात मात्र ताई शब्द विसरल्या आणि त्यांचा हात मांडीवरच थांबला.

"घाई नको," आप्पा म्हणाले. "परत घे."

ताईंनी अंतरा परत घेतला. वडा खायला कुणीच उठलं नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि ताई लेकीकडे नागपूरला निघाल्या. निघायच्या दिवशी टॅक्सीत बसल्या, तोच आप्पा धापा टाकत फाटकापाशी आले.

"अंतरो परत सांग. ध्यानात रवना नाय."

"आई, गाडी चुकेल," लेक म्हणाली.

"दुसरी मिळेल," म्हणत सुलूताईंनी काच खाली केली आणि सीटवर ताल धरला. आप्पा वाकून एकेक ओळ मागून म्हणू लागले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.