सोनोग्राफी लिहून द्या

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं माही चिठ्ठी हातात घेतलीच नाई. टेबलावरूनच बोटानं मागं ढकलली. दारापाशी आठ-दहा लोकायची लाइन होती. सगळ्यायले ऐकू जाईन असं तो बोलला, "तुमच्या गोंडांच्या बायका झाडाखाली बाळंत होतात अन् दुसऱ्या दिवशी मोहफुलं वेचतात. तुला साधी पाळी सहन होत नाही?"

लाइनीतले लोक हसले. मीबी हसली. ते हसणं मले आजबी टोचते.

तेवीस वर्षांची होती मी. लग्नाले चार वर्षं झालती, लेकरू नव्हतं. पाळी आली का कमरेपासून मांडीपर्यंत कोणी कोयता फिरवून राह्यलं असं वाटे. संडासले बसलं का डोळ्यापुढं अंधारी. हे सांगाचं राहूनच गेलं. लेकरू झालं का दुखणं थांबते, असं म्हणून त्यानं दुखण्याच्या गोळ्या देल्या.

अकरा वर्षं मी गोळ्याच खाल्ल्या. मोहर्लीजवळ एका रिसॉर्टात खोल्या साफ करत होती. चादरी बदलता बदलता खालीच बसून जाय. मॅनेजर म्हणे, नाटकं करते. सासू म्हणे, वांझ हाये म्हणून बहाणे करते. नवरा उठून बाहेर निघून जाय. शेवटी मलेच वाटाले लागलं का मी बहाणे करून राह्यली.

मागच्या वर्षी पोट फुगलं. सासू पहिल्यांदा गोड बोलली. तिले वाटलं दिवस गेले.

अंडाशयाचा कॅन्सर निघाला.

नागपूरच्या डॉक्टरबाईनं मले समोर बसवून समजावलं. माहं पाळीचं दुखणं एका आजाराचं होतं. त्यात गर्भपिशवीच्या आतलं अस्तर बाहेर वाढते, दर महिन्याले तिथं रक्त साचते, अंडाशयावर गाठ होते. अशा बहुतेक बायायले कॅन्सर होत नाई. पण धोका बाकीच्यायपेक्षा थोडा जास्त राह्यते. म्हणून गाठीवर नजर ठेवा लागते.

"तेव्हाच पाह्यलं असतं तर?" मी विचारलं.

ती म्हणाली, "खात्रीनं नाही सांगता येत. पण बघायला हवं होतं."

अकरा वर्षांत कोणी माह्या पोटाले हात लावून पाह्यलं नव्हतं.

मग ऑपरेशन झालं, किमो झाली. केस गेले, काम गेलं. न्हाणीपर्यंत जायालेबी कोणाचा तरी हात धरा लागे. पडल्या पडल्या आढ्याकडं पाहत राहे.

परवा बहिणीची पोरगी पाळीत पोट धरून शाळेतच पडली. सतरा वर्षांची हाये. तिले घेऊन आम्ही तालुक्याले गेलो. डॉक्टर नवीन होता. मान वर न करता म्हणाला, या वयात होतं असं. गोळ्या लिहिल्या. पोरगी निमूट उठली.

मी उठली नाई.

"मले कॅन्सर हाये," मी म्हणलं. "हिचं दुखणं माह्यासारखंच हाये. सोनोग्राफी लिहून द्या. अन् बायांच्या डॉक्टरकडं पाठवाचं पत्र द्या."

मागं लाइन आहे, तो म्हणाला. राहू द्या, मी म्हणलं. खुर्ची सोडली नाई. त्यानं रागारागानं लिहून देलं.

तपासणी गुरुवारी हाये. तिच्या पोटात काय निघन, मले माहीत नाई. माह्या पोटात पुन्हा काही वाढून राह्यलं का, तेबी माहीत नाई. त्याच्यावर माहा जोर नाई.

पण गावातल्या ज्या पोरीचं पोट दुखन, तिच्यासंग मी जाईन. चालता येईन तोवर चालत, नाई तर खाटेवर. अन् डॉक्टर तिले हात लावून तपासत नाई, तोवर खोलीतून हलणार नाई.