रेनोचा थर्मास

अमेरिकेतल्या डुलूथ बंदरातल्या मार्लिस किवेलाने नगरपालिकेपासून नवऱ्यापर्यंत जन्मात कोणाचं ऐकलं नाही. पण नियम म्हटला की बाई मुकाट मान खाली घालायची, आणि नियम तिनेच केलेला असला तर विचारायलाच नको.

दिवसा ती बंदराच्या कचेरीत नकाशे काढायची. उरलेल्या वेळात जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आयकॉन सांभाळायची. कात्री, कुलूप, कचऱ्याची बादली, अशी नखाएवढी चित्रं. कोणीही उचलावीत, कोणीही वापरावीत आणि कोणीही नावं ठेवावीत. एकदा तिने बादलीचं झाकण जरा सरळ केलं, तर एका गृहस्थाने लिहिलं, "तुम्ही माझं बालपण हिरावून घेतलंत." मार्लिसने उत्तर दिलं, "बादलीत बघा, तिथेच पडलं असेल."

तिचा नियम असा, की ज्या आयकॉनला दोन वर्षांत एकाही सॉफ्टवेअरने नाव घेऊन बोलावलं नाही, त्याला नारळ द्यायचा. याच नियमाने तिने मागच्या हिवाळ्यात गॉर्डीच्या बीव्हरचा निकाल लावला होता. कॅनडातल्या सास्काटूनचा गॉर्डी प्रुडेन हा या उद्योगातला तिचा पहिल्यापासूनचा जोडीदार. बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडणारा तो केसाळ प्राणी, चितारायला त्याने महिना घातला होता. चित्रातला बीव्हर दाढी न केलेल्या बटाट्यासारखा दिसायचा ही गोष्ट वेगळी.

या हिवाळ्यात पाळी आली थर्मासची.

मार्लिसचा नवरा रेनो लोहखनिजाच्या धक्क्यावर कामाला होता. त्याच्या हिरव्या, वाकड्या झाकणाच्या थर्मासवरून तिने या उद्योगाच्या पहिल्याच वर्षी तो आयकॉन चितारला होता. खरा थर्मास रेनोने गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसला असताना बर्फाच्या भोकात घालवला, आणि पुढे काही वर्षांनी स्वतःही गेला. राहिलं होतं ते एवढं चित्र.

"थर्मास काढून टाकायच्या यादीत आलाय," गॉर्डी कॉम्प्युटरच्या पडद्यावरून म्हणाला.

"दिसतंय. डोळे आहेत मला."

"नाही, बीव्हरच्या वेळी तू म्हणाली होतीस, नियम म्हणजे नियम. आता नियम रजेवर गेलाय का, एवढंच विचारतोय."

"जीभ आवर. काढून टाकते."

"अगं, मी आपलं सहज..."

"काढला. आता मंजूर कर. झालं समाधान?"

मग ती स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली, आणि रडून झाल्यावर कालचं रानतांदळाचं सूप गरम करून प्यायली. उपाशीपोटी दुःख करणं तिला जमायचं नाही.

आयकॉनची नवी आवृत्ती लोकांकडे पोचली आणि हाहाकार उडाला. कुठे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना, कुठे फोटोंचं मध्येच मान टाकू लागलं. जगातल्या यच्चयावत भाषांतून शिव्या आल्या. दुपारी गॉर्डीचा पडलेला चेहरा पडद्यावर उगवला.

"मार्लिस, घोळ माझा आहे. पहिल्या वर्षी आपल्याकडे चित्रं कमी होती, आठवतंय? चित्र सापडलं नाही की तिथे थर्मास दाखवायचा, असं मी करून ठेवलं होतं. तात्पुरतं."

"तात्पुरतं? वीस वर्षं?"

"या धंद्यात तात्पुरतं तेच टिकतं, बाई."

म्हणजे गेली दोन वर्षं थर्मासला नावाने कोणीच बोलावत नव्हतं. म्हणून तो मोजणीत आला नाही. पण जिथे दुसरं काही सापडत नव्हतं, तिथे तो बिनबोभाट जाऊन उभा राहत होता; तोच गेल्यावर सॉफ्टवेअरं आडवी पडली. मार्लिसच्या कॉम्प्युटरवर सगळीच चित्रं असल्याने तिला तो कधी दिसला नाही. इतरांना दिसायचा, आणि त्यांना वाटायचं, असेल काहीतरी.

मार्लिसने आलेल्या शिव्या एकदा वाचून काढल्या. मग म्हणाली, "आता नीट कर. तिथे साधा चौकोन टाक. नाहीतर तुझा बीव्हर टाक, मिरवू दे जगभर. मी मंजूर करते."

एकाने केलेला बदल दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी त्यांची पद्धत. थोड्या वेळाने गॉर्डीचा बदल आला. बीव्हरच असणार म्हणून मार्लिसने मनाची तयारी करून तो उघडला.

हिरवा थर्मास होता, झाकण वाकडंच. बदलाचं कारण लिहायच्या जागी गॉर्डीने एकच शब्द लिहिला होता, 'तात्पुरता'.

मार्लिसने मंजुरी दिली, बाहीला नाक पुसलं आणि ती गॉर्डीला म्हणाली, "बीव्हरची दाढी करून आण. मग बघू."