उजवा कौल

नाना गुरुजी शाळेला निघाले की वाटेत रवळनाथाला हात जोडत, थोडे पुढे जात आणि मागे फिरत. पुन्हा नमस्कार, पुन्हा मागे. आम्ही मुले ओरडायचो, "गुरुजी, देव पळाक नाय!"

"देव आसा रे, माझो नमस्कार पोचाक नाय," म्हणत ते वळायचेच.

मी मॅट्रिक झालो तेव्हा एकदाच त्यांनी हे उलगडून सांगितले. "हात जोडलंय की मनात देवाक घाण शिवी येता. माका नको आसताना येता. मग ती धुवन काढूक परत जातंय." या दुखण्याला आमच्याकडे नाव नव्हते. लोक त्यांना फार सोवळे म्हणत, वैद्य वायू म्हणत.

आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. कोल्हापूरला कॉलेजात जाऊ का, असे विचारायला गेलो तर म्हणाले, "विचारतंस काय? उद्याची एसटी धर." मी पदवीधर झालो तो त्या वाक्यामुळे. स्वतःच्या मुलीला मात्र त्यांना तेवढे सांगता आले नाही.

कुसुमताई त्यांची एकुलती, आईविना वाढलेली. ती फायनल पास झाली, रत्नागिरीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. नानांनी देवाचा कौल घ्यायचे ठरवले. मी सुटीवर होतो, सोबत गेलो. गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणे घातले. उजवी पाकळी पडली. म्हणजे जावे. नानांचा चेहरा खुलला आणि लगेच काळवंडला. गाऱ्हाणे चालू असतानाच ती शिवी मनात आली होती. असा कौल खरा कसा धरायचा?

मग ते रोज जाऊ लागले. रोज उजवीच पडे आणि रोज काही चुकलेले असे. कधी वारा आला, कधी पाकळी सुकी, कधी "मीच नीट उभो नाय होतंय." शेवटी गुरव चिडला, "नानानू, देवान होय म्हटल्यान. तुमी कधी म्हणतलास?"

कुसुमताईची ट्रंक भरून तयार होती. "बाबा, जाव मी?"

"उद्या गो. उद्या मन निर्मळ करून विचारतंय."

हजर व्हायची तारीख अशाच एका उद्यात गेली.

त्या दुपारी मी त्यांच्या घरी होतो. ट्रंकेतली लुगडी परत दांडीवर आली होती. नाना पानावर बसले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. चेहरा अगदी शांत होता.

"आता देवाक विचारूचा काय रवाक नाय," ते म्हणाले.

"नाय, बाबा," कुसुमताई म्हणाली. "भात वाढू?"