बुटकी खुर्ची

न्हावरे गावच्या नकुशीचा राग सगळ्यांना ठाऊक होता. तरुणपणी तिनं अंगावर धावून आलेल्या नवऱ्याचं मनगट मुसळानं मोडलं होतं, आणि मग स्वतःच त्याला प्लास्टर घालायला शिरूरला नेलं होतं. तिला पोरबाळ नव्हतं. धाकटी जाऊ जाईबाई, तिच्याशी रोजचं भांडण, आणि सासरी नांदणारी जाईबाईची एकुलती लेक सुवर्णा, एवढाच तिचा गोतावळा. दोघी जावा विधवा झाल्या, तरी दोघींची शेरडं उसाच्या बांधाला एकत्रच चरायची.

उसात बिबट्या आल्यापासून बायकांनी एक रीत पाडली होती. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, बसलेलं माणूस त्याला शेरडाएवढं दिसतं, असं वनखात्याची माणसं सांगून गेली होती. म्हणून एकीनं बसायचं आणि दुसरीनं तिच्या पाठीशी कोयता घेऊन उभं राहायचं. पण साठीत नकुशीचे गुडघे गेले. भुईवर बसली की उठवेना, आणि जाईबाईनं हात दिला की शिव्या घालायची.

तिचा भाचा विक्रम भांडगावला कंपनीत होता. सुट्टीला पाठीवर सॅक टाकून गडकिल्ले हिंडायचा. तो आत्याला यवतला ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. पहिली खुर्ची उंच, भक्कम, पण चार किलोची. नकुशीनं ती खांद्याला अडकवून दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि खाली आपटली. तीन पायांचं स्टूल बसताच कलंडलं, त्याला तिनं लाथ घातली. तिसरी जेमतेम किलोभराची. नळ्या सुट्या केल्या की भाकरीच्या पिशवीत मावणारी. बसायला मात्र भुईपासून वीतभरच वर.

“आत्या, लय बुटकी हाय,” विक्रम म्हणाला. “उंच घे. हिच्यात तू खाली बसल्यावानीच दिसशील. बिबट्याचं काय?”

“खुर्चीवर बसलं म्हंजी भुईवर बसलं व्हय? आन् वागवायची तुला हाय का मला?”

तिनं बुटकीच घेतली. आता खुर्ची आली, पहारा कशाला, असंही तिनंच ठरवून टाकलं.

चार दिवसांनी, दिवस कासराभर उरला असताना, जाईबाई म्हणाली, “आक्का, मला बी जरा बसू दे की.”

नकुशी कण्हत, फणफणत उठली. “बस, बस. तुजीच हाय,” म्हणाली आणि शेरडं वळवायच्या निमित्तानं चालू लागली.

वीसएक पावलं गेली असेल, मागं उसाचं वाळलेलं पाचट वाजलं. वळून बघते तो खुर्ची उलथलेली आणि जाईबाईची मान बिबट्याच्या जबड्यात. नकुशी गुडघे विसरून, हातातला कोयता उगारत धावली. पहिला घाव बिबट्याच्या खांद्याच्या हाडावर बसला. जनावर सोडेना, जाईबाईला उसाकडं ओढतच राहिलं. दुसरा घाव नाकाडावर. त्यानं पंजानं नकुशीचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडला. डोळ्यांत रक्त उतरलं तरी ती आंधळ्यासारखी कोयता चालवत होती. “सोड मुडद्या, माझी हाय ती!” पाचव्या घावाला त्याचा डोळा फुटला, तेव्हा कुठं तो जबडा उघडून उसात पळाला. नकुशीनं जाईबाईचा फाटलेला गळा दोन्ही हातांनी दाबून धरला. बोटांतून रक्त येत राहिलं, मग येईनासं झालं.

दहाव्याला नदीकाठी गाव लोटलं. श्रद्धांजलीची भाषणं झाली. सरपंच सुदर्शन माइकवर नकुशीला वाघीण म्हणाले आणि तिच्या खांद्यावर शाल घालायला पुढं झाले. नकुशीनं शाल भिरकावली आणि माइक हिसकावला.

“कसला सत्कार करताय? पोरगं उंच घे म्हनत हुतं. मला खांद्याला वझं नगं हुतं. पहारा मी मोडला. आन् तिनं जरा बसाया मागितलं, तर माझ्या पोटात दुखलं. पाठ फिरवून गेले मी.”

दहा दिवस याच चुलतीच्या मांडीवर डोकं ठेवून रडलेली सुवर्णा उठून समोर आली. ही आता मारणार, असं नकुशीला वाटलं, आणि मार तिला हवाच होता. तिनं टाके घातलेला गाल पुढं केला.

सुवर्णाचा हात उठला नाही.

“मला कशाला सांगितलंस, मोठी आई?” ती म्हणाली. “आता माहेर म्हणून मी कुणाकडं येऊ?”