नव्या नळीला कुंकवाचं बोट

महादेवरावांना मुलं किती विचारलं, तर ते म्हणत, "घरी दोन, अन् लॅबमध्ये एक." लॅबमधलं ते अपत्य म्हणजे लेसरवर चालणारा परदेशी मायक्रोस्कोप. सिव्हिल लाइन्समधल्या त्या प्रयोगशाळेत महादेवराव मदतनीस होते, आणि अख्ख्या वऱ्हांड्याची टर उडवणं हा त्यांचा जोडधंदा. म्हणून अठ्ठ्याऐंशी साली, दसरा तोंडावर असताना, तो लेसर विझला तेव्हा वऱ्हांड्याला आयतंच सापडलं.

"नजर लावली ना बापानंच!" कँटीनवाला धोंडबा येता-जाता म्हणे.

मुंबईहून लेसरची नवी नळी आली, पण इंजिनिअर दिवाळीनंतर येणार होता. संशोधन करणाऱ्या प्रेमिलाला तेवढी सवड कुठली! संत्र्याच्या कुजक्या मुळांचे काप तिनं लेसरखाली चमकणाऱ्या रंगात भिजवून काचपट्ट्यांवर बसवले होते. तो रंग रोज फिका पडत होता. तो गेला की वर्षाची मेहनत गेली.

"काका, आपणच बसवू नळी. मी पुस्तक वाचून सांगते."

"बसवू ना वं. मागच्या वेळी इंजिनिअरचे सारे स्क्रू मीच धरून राहिलो होतो."

नळी बसली. प्रेमिला विभागप्रमुख मार्तंडसरांना बोलवायला गेली. आता नवी वस्तू, त्यात दसरा. नुसतीच कशी सुरू करायची? उदबत्तीचा धूर काचांवर बसतो म्हणून सरांनी त्या खोलीत पूजा बंद केली होती. महादेवरावांनी शहाण्यासारखी उदबत्ती टाळली. नळीच्या तोंडाला फक्त कुंकवाचं ओलं बोट लावलं, हात जोडले आणि झाकण बसवलं.

सर आले, बटण दाबलं. दोऱ्यासारखा यायचा तो प्रकाश सांडल्यासारखा पसरला.

"नळीच खराब निघाली," सर म्हणाले. "पाठवा परत."

प्रेमिला काचपट्ट्यांच्या डबीकडे बघत राहिली. महादेवरावांना एसीत घाम फुटला. बोलावं, तर धोंडबाला वर्षभराच्या चेष्टेची बेगमी. न बोलावं, तर ही पोरगी.

"सर, नळी चांगली हाय," ते खाली बघत म्हणाले. "तिच्या तोंडाले मी कुंकू लावलं."

"काका!" प्रेमिला ओरडली. "तोंडाले काहून? कपाळाले लावायचं ना!"

"आता लेसरचं कपाळ कुठं राहते, ते तू सांग!"

सरांनी हसू लपवायला खिडकीबाहेर बघितल्यासारखं तोंड फिरवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती.

वीज बंद करून प्रेमिलानं स्पिरिटच्या बोळ्यानं नळीच्या तोंडाची काच हलक्या हातानं पुसली, पुन्हा पुसली आणि बटण दाबलं. या वेळी प्रकाश सरळ आला. काचपट्टी ठेवली, तसे पडद्यावर मुळाचे तंतू हळूहळू उजळले. फिके, पण सगळे.

"दिसून राहिलं का वं?"

प्रेमिलानं डोळे पुसले आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "पहिले तुम्ही पाहा."

महादेवरावांनी पोटभर पाहिलं. मग उठून तडक कँटीन गाठलं. बातमीला धोंडबानं मीठमसाला लावण्याआधी त्यांनी तो स्वतःच लावला.