एका फुप्फुसाची चढाई

झोप लागणार नाही हे धनश्रीला ठाऊक आहे, तरी ती डोळे गच्च मिटून पडली आहे. पोवार सरांचा हुकूमच आहे तसा. जेवण झालं की सगळ्या पोरींनी आडवं व्हायचं, संध्याकाळी फायनल आहे, मोबाइलला कुणी हात लावायचा नाही. परगावच्या या शाळेत, सातवीच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्यात. बाहेर मांडववाला माइकवर "हॅलो, हॅलो" करून करून कंटाळत नाही. शेजारची निकिता मात्र केव्हाच झोपली. ही पोरगी उभ्या उभ्यासुद्धा झोपेल.

धनश्रीच्या अंगात आज वारं शिरलंय. सकाळी सेमीफायनलला समीक्षाचा गुडघा मुरगळला. समीक्षा म्हणजे संघाची चढाईपटू, निम्मे गुण तिचेच. तिला उचलून बाहेर नेलं आणि सर धनश्रीजवळ येऊन हळूच म्हणाले, आज चढाईला तू जाशील का, विचार करून सांग. "जाते" हा शब्द तिच्या अगदी ओठावर आला होता. पण तोंडातून निघालं, "सांगते, सर."

बाकी कुणाला विचारलं असतं तर त्यात एवढं काही नव्हतं. धनश्री खोत जन्मली ती एकाच फुप्फुसाची. डावं नाहीच. आणि चढाई म्हणजे सगळा दमाचा खेळ. "कबड्डी कबड्डी" म्हणत समोरच्यांच्या अंगणात घुसायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत मधली रेघ गाठायची. शाळेत असताना एकदा तिचा दम तिकडेच तुटला. दुसऱ्यांच्या अंगणात ती मटकन खाली बसली, ओठ निळे पडले. दुसऱ्या दिवशी खेळाच्या इंगवले बाईंनी तिला उजव्या कोपऱ्यात उभं केलं आणि सांगितलं, आजपासून पकड करायची. तेव्हापासून ती कोपऱ्यातच आहे. तिच्या हातात घोटा सापडला की चढाईवाली परत जात नाही, असं लोक म्हणतात. ते ऐकून तिला बरं वाटतं, पण समीक्षा रेघेपलीकडे पळत सुटली की कोपऱ्यातल्या धनश्रीचे पायही नकळत रेघेकडे सरकतात.

इंगवले बाई गेल्या श्रावणात गेल्या. ज्यांनी कोपरा दिला त्यांना विचारल्याशिवाय कोपरा सोडायचा कसा? विचारायचं म्हटलं तर कुठे जाऊन विचारायचं? ती कूस बदलते. बाहेरचं "हॅलो" लांब लांब जातं, मऊ होतं, आणि मग त्याच्या जागी दुसराच आवाज यायला लागतो. पत्र्याचा डबा हलतोय, त्यातून काहीतरी भुरभुर सांडतंय.

इंगवले बाई वर्गात वाकून रेघ आखतायत. साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. डब्यातली चुन्याची फक्की झोपलेल्या पोरींच्या मधून सरळ चालली आहे, आणि कुणाला धक्का म्हणून लागत नाही. धनश्री उठून बसते. बाई गेल्यात हे तिला आठवतं, पण ते आत्ता महत्त्वाचं वाटत नाही.

"बाई, इथं कशाला आखताय? बाहेर मॅट टाकलंय."

"मॅटवरची रेघ पुसत न्हाई," बाई वर न बघता म्हणतात. "मला आपली पुसणारी रेघ बरी. दर डावाला नवी आखता येती. चल, डबा धर."

ती डबा धरते. हात आत जातो आणि मनगटापर्यंत पांढरा होतो. रेघ दाराखालून पलीकडे जाते, त्या दोघी दार उघडून तिच्यामागे जातात, तर पलीकडे व्हरांडा नाहीच. तालुक्याच्या दवाखान्यातली एक्स-रेची अंधारी खोली आहे, लहानपणी आई तिला कडेवर घेऊन यायची ती. तेव्हाचा तो वास, तोच गारठा. भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर तिचा फोटो लावून ठेवलाय, जणू काही सकाळपासून तिचीच वाट बघतोय.

धनश्रीला हा फोटो आवडत नाही. घरात तो कपाटाच्या वर असतो, आणि पाहुणे आले की आत्या मुद्दाम खाली काढते. बाई मात्र पुढे होतात, फक्कीचं बोट मणक्यावरून वरून खाली ओढतात. छातीच्या मधोमध पांढरी रेघ उमटते.

"हे बघ. हे तुझं उजवं. कुठवर गेलंय?"

धनश्री बघते. उजवं फुप्फुस कसलं मोठं आहे. फुगून, पसरून ते मधली रेघ ओलांडून डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेत शिरलंय आणि काळजाला ढकलून त्यानं पार काखेपाशी नेऊन ठेवलंय. डॉक्टरांनी हे तेव्हाच सांगितलं होतं, एकानंच दोघांचं काम उचललंय म्हणून. पण घरच्यांच्या कानात "एकच" एवढाच शब्द राहिला, आणि घरच्यांच्या कानात राहिला म्हणून तिच्याही.

"तू पाळण्यात हुतीस तवाच ते रेघ वलांडून गेलंय," बाई म्हणतात. "चढाईलाच सुटलंय की ते. तुला इचारलं न्हाई, मला इचारलं न्हाई."

धनश्रीला हसू फुटतं. इतकी वर्षं या फोटोपुढे तिला कधी हसू आलं नव्हतं. तरी मनातलं ती बोलतेच. "पण बाई, दम अर्धाच ना माझा."

"कुणाच्या अर्धा? तुझी दोन हुती कधी?"

"नाही."

"मग अर्धं कशाच्या हिशेबानं म्हंतीस? हाय ते अख्खंच हाय की."

एवढी साधी गोष्ट आपल्याला कुणी सांगितली कशी नाही, याचा धनश्रीला राग येतो, आणि रागापेक्षा आनंद जास्त होतो. तिचे पाय जागच्या जागी नाचायला लागतात. खोलीची फरशी पायाखाली मऊ पडते, बघते तर माती आहे. पाणी मारून चोपलेली, गावच्या शाळेच्या मैदानाची तांबडी माती. उजेडाची पेटी आता पिंपळाखालच्या दिव्याच्या जागी लटकते आहे आणि तिच्या उजेडात अंगण आखलेलं आहे.

रेघेपलीकडे सात जण हातात हात घालून उभे आहेत. मधे डॉक्टर, गळ्यात नळी. त्यांच्या शेजारी आत्या, तोंडावर ते कायमचं "बिचारी गं". बाकीच्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत. उजव्या कोपऱ्यात, म्हणजे धनश्रीच्या स्वतःच्या जागेवर, आई उभी आहे. भाकरी थापता थापता उठून आल्यासारखे हात पिठाचे, पदर कमरेला.

इंगवले बाई तिच्या मागे उभ्या राहतील असं तिला वाटतं. पण बाई चालत चालत आपल्या अंगणाच्या मागे जातात आणि बाद झालेल्यांच्या रांगेत मांडी घालून बसतात. एकट्याच.

"तिथं का बसताय, बाई?"

"बाद झालेल्यानं हितंच बसायचं असतंय."

हे ऐकून धनश्रीला वाईट वाटायला हवं. पण तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटतं. कबड्डीचा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. समोरचा एक बाद केला की आपला एक उठतो आणि परत खेळायला येतो.

"म्हणजे मी एक गडी मारला की तुम्ही उठणार?"

बाई मिश्किल बघतात. "नेमच हाय तसा."

मग काय, पोरगी थांबते थोडीच. ती मातीला हात लावून कपाळाला लावते, रेघेवर येते, तोंड वर करते आणि छाती फाटेल इतकी हवा आत ओढते. मागून शिट्टी वाजते.

"थांब. हितंच चुकतंय तुझं. समीक्षा भरती तेवढा दम तू भरतीस. दोन पोत्यांचं धान्य एका पोत्यात कोंबलंस तर शिवण उसवंल न्हाई तर काय हुईल? सोड. थोडा सोड. आणिक थोडा. आता छाती दुखती का?"

नाही दुखत. खांदे खाली येतात, गळा मोकळा होतो. आजवर ती दुसऱ्यांच्या मापाचा श्वास घेत आली होती. आता घेतलाय तो तिच्या मापाचा आहे, अंगात घातलेल्या जुन्या सदऱ्यासारखा बेताचा. ती "कबड्डी" म्हणते आणि रेघ ओलांडते.

डॉक्टर एक पाऊल मागे सरतात. साखळी वाकते. आत्या काहीतरी बोलते आहे पण ऐकतोय कोण. कबड्डी कबड्डी कबड्डी, आवाज तिचाच आहे आणि तो हलत नाही, थरथरत नाही, गावच्या ओढ्यासारखा वाहतोय. ती डावीकडे हूल देते, उजवीकडे वळते. समोर आई.

"बस जरा, धने," आई म्हणते. "दमशील."

जन्मापासून हे वाक्य ऐकून धनश्री खाली बसत आली आहे. आताही गुडघे सवयीनं वाकू बघतात. पण आईचा उजवा खांदा किंचित खाली जातो, आणि तो खांदा धनश्री ओळखते. ती स्वतः असाच खांदा पाडते, घोट्यावर झेपावायच्या आधी. कोपऱ्यावरचीचा हात कधी येणार ते कोपऱ्यावरचीलाच कळतं. पिठाचा हात येतो, ती वरून उडी मारते, खाली येता येता आईच्या मनगटावर पंजा टेकवते आणि वळून पळत सुटते. मागून सहा जण आणि त्यांची सगळी काळजी तिच्या अंगावर येते. ती पोटावर पडते, हात लांब करते, बोटं फक्कीत रुततात. दम अजून चालूच आहे. हवं तर आणखी एक फेरी मारून येईल इतका शिल्लक आहे.

तिकडे आई मनगट धरून हसते आहे. बाद झाल्यावर एवढं खूश झालेलं माणूस धनश्रीनं कधी पाहिलेलं नाही.

आणि इकडे इंगवले बाई उठतात. गुडघ्यावर हात टेकवून, साडीची माती झटकत, पहिल्यासारख्याच. रांगेतून बाहेर येऊन चक्क अंगणात पाय ठेवतात. धनश्री धावत जाऊन त्यांना मिठी मारते. घामाचा आणि दुखऱ्या सांध्यांना लावायच्या मलमाचा तो वास. ती रडते आहे आणि हसतेही आहे, आणि दोन्हींना दम पुरतोय.

"आता जाऊ नका, बाई."

"खेळापुरती उठलीया गं. सामना हाय तवर. भायेरचा नेम येगळा असतोय."

"मग जाऊ का मी चढाईला? तुम्हीच मला कोपऱ्यात उभं केलं होतं."

बाई तिचा चेहरा हातात धरतात. "तुझं निळं त्वांड बघून माझं हातपाय गळालं हुतं. भ्या माझं हुतं, धने. दम तुझा हुता." आणि त्या शिट्टी तोंडात धरतात. "चल. इचारत काय बसलीस."

शिट्टी वाजते.

शिट्टी बाहेर मैदानावर वाजते आहे. उन्हं कलली आहेत. शेजारच्या सतरंजीवर निकिता, तीच ती कुठेही झोपणारी निकिता, टक्क जागी बसून धनश्रीकडे बघते आहे.

"काय चालवलंयस झोपेत?" ती म्हणते. "कबड्डी कबड्डी कबड्डी. आता तुटंल, मग तुटंल म्हणून मी ऐकत बसले. शेवटी माझाच श्वास कोंडला. आणि वर हे काय फासलंस मला?"

ती हात पुढे करते. तिच्या मनगटावर पांढरा पंजा उमटलाय. पाचही बोटं स्पष्ट आहेत. धनश्री वाकून वास घेते. खडू नाही, फक्की आहे. इथे मॅटवर सामने आहेत, चुन्याची फक्की या गावात कुणी आणलेलीच नाही. तिचा स्वतःचा तळवा तर स्वच्छ आहे. ती तो हळूच त्या पंज्यावर ठेवून बघते. बोटाला बोट जुळतं.

पोवार सर दारात येतात. काय ठरलं म्हणून विचारतात, आणि चेहऱ्यावरून दिसतं की नकाराची त्यांनी तयारी ठेवली आहे.

"पहिली चढाई मी घेते, सर. उजव्या कोपऱ्यात निकिताला उभं करा."

 सर घाईघाईनं यादी बदलायला जातात. निकिता पुटपुटत उठते आणि मनगट धुवायला नळाकडे निघते. धनश्री तिचा हात धरून तिला थांबवते.

"राहू दे गं," ती म्हणते. "सामना होईपर्यंत तरी राहू दे."