कारवीच्या भिंतीतला वारा

माझं सरकारी काम लोकांची तंबाखू सोडवण्याचं. उधव्याच्या उपकेंद्रात मी नर्स आहे आणि तिथल्या भिंतीवर सडक्या जबड्यांची पोस्टरं मीच लावलीत. तरी फेब्रुवारीतल्या दुपारी लसीकरण आटोपलं की माझी स्कूटी शुक्राच्या तंबाखू वाळवायच्या खोपीकडे वळायची. वरिष्ठांना कळलं तर बोलतील. बोलू देत.

बाहेर ऊन रणरणत असायचं आणि खोपीत शिरलं की दुसरंच जग. कारवीच्या काड्यांच्या फटींतून वारा आणि उजेड दोन्ही गाळून आत यायचे. आढ्यापासून डोक्यापर्यंत तंबाखूच्या पानांच्या माळा उलट्या टांगलेल्या, आधी हिरव्या, मग पिकल्या केळ्यासारख्या पिवळ्या, मग दिवसांमागून दिवस बदामी होत जाणाऱ्या. सगळं एकदम हलायचं आणि एकदम थांबायचं. मला तिथे झोप यायची. पान मरत नाही, निजतं, असं शुक्रा म्हणायचा, आणि तिथे बसलं की ते पटायचं.

शुक्रा साठीचा, हाडकुळा माणूस. तरुणपणी गुजरातेत एका शेतावर मजुरीला होता, तिथून बर्ली नावाच्या पांढऱ्या देठाच्या तंबाखूचं बी धोतराच्या गाठीला बांधून आणलं. आमच्या तलासरीत तंबाखू? लोक हसले. मग त्याचं पाहून सात घरांनी लावली. आता पुन्हा तो एकटाच उरलाय. पाड्यावरची पोरं वापीच्या कारखान्यांत जातात, पाऊस नको तेव्हा येतो, आणि हे पान उन्हात टाकून वाळत नाही. सावलीत, वाऱ्यावर, दीड-दोन महिने राखावं लागतं. एवढा धीर कोणाला आहे? एका माणसाच्या मालासाठी टेम्पो आणायचा म्हणून व्यापारीही कुरकुरतो. पानाला बुरशीचा वास आला तर पुढच्या वर्षी फेरी बंद, असं यंदा त्याने बजावलंच होतं.

शुक्राने मला सगळं शिकवलं. सकाळी दवाने पान मऊ पडतं, तेव्हाच हलवायचं, दुपारी हात लावला तर चुरा. मधली शीर कटकन मोडली की काम झालं. त्याची बायको नवशी मात्र खोपीच्या दारातच थांबायची. चहासुद्धा उंबऱ्याबाहेरून द्यायची. मी एकदा आत ये म्हटलं, तर हसली आणि पदर सावरून निघून गेली. मला वाटलं, असेल काही रीत. विचारायला हवं होतं. दिवसभर लोकांना विचारत फिरते मी, आणि इथेच जीभ उचलली नाही.

होळीच्या आधी मी शुक्राला मोतीबिंदू काढायला धाडलं. पानं अर्धी निजलीत, आता नको, असं तो म्हणत होता. मीच दटावलं. नंतर धूळ-धूर नको म्हणून आठ दिवस समुद्रकाठी आगरला, माझ्या गावी ठेवलं. त्याची बहीण रखमी तिथे आमच्या घरच्याच चिकूवाडीत कामाला आहे. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून तो रखमीच्या ओट्यावर बसायचा, समुद्राचा वारा तोंडावर घ्यायचा आणि म्हणायचा, हाच दुपारी माझ्या पानांत जातो. इतका सुखी मी त्याला कधी पाहिला नव्हता.

होळीला पाड्यावरची माणसं कुठून कुठून घरी येतात. त्याआधी प्रत्येक घराचा कूड, म्हणजे कारवीची भिंत, शेणामातीने सारवायची असते. न सारवलेला कूड म्हणजे टाकून दिलेलं घर. नवशीने घर सारवलं, आणि घरधनी नाही असं पाहून खोपही सारवली. चारही बाजूंनी, एक फट न ठेवता.

नवव्या दिवशी मी शुक्राला स्कूटीवरून घेऊन आले. लांबूनच त्याचं नाक फुललं. आत अंधार, दमट ऊब आणि कुजका वास. मागच्या माळांवर पांढुरकी बुरशी चढली होती, पुढच्या जेमतेम वाचण्यासारख्या होत्या. बाहेर नवशी उभी, कोपरापर्यंत सुकलेलं शेण, आणि तोंडावर शाबासकीची अपेक्षा. भिंत इतकी सुरेख सारवली होती की प्रत्येक बोटाची ओळ दिसत होती. शुक्राने कोयता उचलला आणि तसाच उभा राहिला. त्या ओळींवर त्याला घाव घालवेना.

मी चिडले. नको ते उद्योग कोणी सांगितले होते, असं तिला फाडकन बोलले. ती माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलली.

"मना वाटला, माझे हाताला यश नाय. पोर झाला नाय, म्हणून तू पानाला पण हात लावू देत नाय. ह्या नर्स बायला सगळा शिकवलास. मना तीस वर्षांत एक शब्द नाय. एकदा हात लावून बघू म्हटला."

शुक्राने कोयता खाली केला.

"पहिले साली तू ओली पानं खुडलीस," तो म्हणाला. "ओकलीस, पडलीस, हातपाय गार. मना वाटला, मेली. परत नाय लावू दिला मी."

मला ते लगेच कळलं. दवाने भिजलेल्या हिरव्या पानाचा रस कातडीतून अंगात भिनतो, त्याने गरगरतं, ओकाऱ्या होतात. वाळत्या पानाला हात लावून काही होत नाही. हे सांगायला मला मिनिटही लागलं नाही. इतकी वर्षं ती स्वतःच्या हातांना दोष देत होती आणि मी उंबऱ्याच्या आत बसून तिचा चहा पीत होते. मला माझीच लाज वाटली.

व्यापाऱ्याने पुढे निम्मा माल परत केला आणि फेरीचं काही बोलला नाही. ते नंतरचं. त्या दुपारी नवशीने शुक्राच्या हातातून कोयता घेतला आणि आपणच घातलेली माती फोडू लागली. आधी पश्चिमेची भिंत फोड, शुक्रा म्हणाला. तिने हात थांबवला आणि का, असं विचारलं. तो तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि दुपारचा समुद्राचा वारा कुठून येतो ते सांगू लागला.